वरचा ‘सा’

ट्राम थांबतेय. धोतर असेल तर सोगा आवरा, नऊवारी असेल तर ओचा, आणि खाली पाय ठेवताना रुळांकडे लक्ष असू द्या. १८८९ साली चार घोडे जोडून ही ट्राम नाशिकरोड स्टेशनवरून गावात येऊ लागली. आता १९२६ उजाडलंय आणि तिचे दिवस भरत आले आहेत. हे बरोबरच्या उतारूंना सांगू नका, ते रामकुंडावर निघालेत. मेन रोडला उतरून त्यांच्या मागे चालत राहा. चुकलात तर ‘गंगेवर कसं जायचं?’ असं विचारा. गोदावरीचा रस्ता विचारलात की तुम्ही परगावचे, हे लगेच कळतं. व्हिक्टोरिया पूल ओलांडला की पंचवटी.

काल रात्री गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीसमोर, हातात चिवड्याची वाटी घेऊन तुम्ही म्हणालात, ‘या कार्यक्रमांनी गाण्याचा बाजार केला. परीक्षक काय, गुण काय, टाळ्या काय! पूर्वी असं नव्हतं.’ तुम्हाला त्या ‘पूर्वी’मध्येच आणून सोडलंय. बघा आता.

पंचवटीतला हा श्रीरामनाम आधाराश्रम. दारात कोणी अडवणार नाही, आत या. जमिनीवर जाजम, भिंतीला टेकलेले तंबोरे. मुलं ‘सा’ लावून बसली आहेत आणि तो एकच सूर ती इतका वेळ धरून आहेत की तुमची चुळबुळ सुरू होते. तुमच्या सवयीप्रमाणे एव्हाना जाहिरात लागायला हवी होती. समोर भगव्या वस्त्रांतले भारदस्त विष्णु दिगंबर पलुस्कर. नजर अधू आहे, कान मात्र कोणत्या मुलाचा सूर पाव केसाने उतरला ते बसल्या जागी सांगतात.

१८७२ साली कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी हे जन्मले. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकायची सोय झाली. तेव्हा गवई म्हटला की तो कुठल्या तरी संस्थानिकाच्या पदरी असायचा. त्याचं गाणं ऐकायचं तर दरबारात तरी जागा हवी, नाही तर देवळात उत्सव तरी हवा. १८९६ मध्ये बुवांनी मिरज सोडली आणि सौराष्ट्रात जाऊन चक्क तिकीट लावून जाहीर मैफल केली. पैसे टाका, बसा, ऐका. कोणाच्या पदरी राहायचं नाही, हे त्या माणसाने ठरवलंच होतं. ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर. तिथे इयत्ता होत्या, छापील पुस्तकं होती, बुवांची स्वतःची स्वरलिपी होती, परीक्षा होत्या. गाण्याला गुण देता येतात, हे मध्यमवर्गीय घराच्या गळी पहिल्यांदा उतरवलं ते यांनी. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आलं. तिथे इमारत उभी राहिली, तिच्यापायी कर्ज झालं आणि शेवटी ती लिलावात गेली.

म्हणजे काल तुम्ही ज्याला बाजार म्हणालात, त्यातलं निम्मं दुकान या माणसाने मांडलं होतं. दिवाळंही त्याचंच निघालं, हा भाग वेगळा.

जे त्यांनी मांडलं आणि तुमच्या टीव्हीत कुठे दिसत नाही, ते मात्र नीट बघून घ्या. बुवांचा ‘उपदेशक वर्ग’ नऊ वर्षांचा होता. राहणं, जेवण, शिकणं फुकट, पण नऊ वर्षं हलायचं नाही, असा करार. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही माणसं बुवांच्या हाताखालून गेलेली. नऊ हा आकडा खिशात ठेवा, पुढे लागेल.

तिकडे कोपऱ्यात पाच वर्षांचा एक मुलगा तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसलाय. बारा अपत्यांतलं हे एकच जगलं. २८ मे १९२१ ला इथेच, नाशिकमध्ये, जन्मलेला दत्तात्रेय. त्याला हाक मारू नका. त्याची आणि तुमची भेट पुढे व्हायची आहे.

चार वर्षं सरका, जागा सोडू नका. २ मार्च १९३०. पंचवटीच्या गल्ल्यांत माणसं मावत नाहीत. डॉ. आंबेडकर आणि नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत हजारो सत्याग्रही काळाराम मंदिराच्या दाराशी आले आहेत आणि दार बंद आहे. बरोबर दहा दिवसांनी साबरमतीहून दांडीकडे एक यात्रा निघेल आणि तिच्यात रामधून म्हटली जाईल, तिची चाल विष्णु दिगंबरांची. एकाच महिन्यात एकीकडे पंचवटीच्या बुवांची चाल घेऊन राम देशाच्या रस्त्यावर निघतो, आणि पंचवटीतला राम दाराआड बसून राहतो. बुवांनी गाणं सर्वांसाठी खुलं केलं, असं पुस्तकात एका ओळीत लिहून होतं. इथे काळारामाच्या कोटाबाहेर उन्हात उभं राहिलं की त्या ‘सर्वां’त कोण धरलेलं नाही, ते चेहऱ्यानिशी दिसतं. दार उघडेल म्हणून थांबू नका. हा लढा पाच वर्षं चालेल आणि दार काही उघडणार नाही.

ज्यांच्यासाठी ते उघडलं नाही त्यांनी आपला मंच वेगळा घातला. तोही वाटेत पाहून घ्या. साठचं दशक, एप्रिलची रात्र, जिल्ह्यातलं एक गाव, भीमजयंतीचा मांडव. हार्मोनियम, ढोलक, बेंजो. समोरासमोर दोन गायन पार्ट्या बसल्यात आणि सामना रंगलाय. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच मांडवांचे कवी. मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख करून घेतलेल्या या माणसाची गाणी वस्तीवस्तीत तोंडपाठ आहेत. परीक्षक म्हणाल तर समोर बसलेला अख्खा गाव. गाणं लागलं की लोक उठून पेटीवर रुपयाची नोट ठेवतात, नाही लागलं तर विडी ओढायला बाहेर जातात. यापेक्षा रोखठोक मतदान मी तरी पाहिलेलं नाही. गाण्याची स्पर्धा टीव्हीने आणली असं जे समजतात, त्यांनी आयुष्यात कलगी-तुऱ्याचा एक तरी फड पाहायला हवा होता.

आता थोडं मागे, १९५२ च्या अखेरीला. नाशिकच्या चित्रपटगृहात ‘बैजू बावरा’ लागलाय. स्टॉलमध्ये बसा, विड्यांच्या धुराची तयारी ठेवा. पडद्यावर अकबराचा दरबार भरलाय आणि तानसेन विरुद्ध बैजू असा मुकाबला सुरू आहे. हरणाऱ्याच्या जिवावर बेतणार आहे. नौशादांनी तानसेनाचा आवाज म्हणून आणलेत उस्ताद अमीर खाँ, आणि भारत भूषण ज्याचे ओठ हलवतोय तो बैजूचा आवाज आहे द. वि. पलुस्करांचा. भोपळ्याला कान लावून बसलेला तोच मुलगा. वडील गेले, १९३१ साली, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी, त्याला शिकवलं. चौदाव्या वर्षी पंजाबात जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा गायला. लहान वयात मोठ्या मंचावर पोरांना उभं करणं हे टीव्हीचं पाप, असं म्हणणारे तुम्ही, या चौदा वर्षांच्या मुलाचं काय करणार?

पडद्यावर देसी रागातली जुगलबंदी चढत जाते आणि शेवटी संगमरवर वितळतो. टाळ्या, शिट्ट्या. नाशिकचा मुलगा जिंकला, असं स्टॉलमधलं कोणी ओरडत नाही, कारण आवाज कोणाचा हे पडद्यावर थोडंच दिसतं! मला या दृश्यातली एक गोष्ट फार आवडते. इथे निकाल बादशहाही देत नाही, प्रेक्षकही देत नाही, दगड देतो. दगडाला एसएमएस करता येत नाही, त्याला गाणाऱ्याचं गाव, जात, गरिबी यांची करुण चित्रफीतही दाखवता येत नाही. अर्थात हे झालं सिनेमात. खऱ्या दगडावर अमीर खाँ आणि पलुस्करांना मिळून ओरखडाही काढता आला नसता, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, मेंदूज्वराने दत्तात्रेय गेले. वय चौतीस.

पुढची चाळीस वर्षं झटकन जाऊ देत. १९९५. दिवाणखान्यात ठोकळ्यासारखा टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, आणि झीवर सोनू निगम नावाचा कोवळा मुलगा ‘सा रे ग म’ सादर करतोय. परीक्षकांच्या खुर्च्यांवर संगीतातली ज्येष्ठ मंडळी बसतात, स्पर्धक त्यांच्या पाया पडतात, आणि ते म्हणतील तो निकाल. आणखी दहा वर्षांत, मार्च २००५ मध्ये, मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ होतो तो लोकांच्या मतांवर. मधल्या काळात खिशाखिशात फोन आलेत. भीमजयंतीच्या पेटीवरची ती रुपयाची नोट आता हवेतून जाऊ लागली आहे, आणि ती नेहमीच्या मेसेजपेक्षा महाग पडते.

इथे जरा बस्तान मांडून बसू. साल २००८. सप्टेंबरच्या १९ तारखेला गंगेला महापूर आलाय. दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावर पूर मोजणारं हे गाव, यंदा मोजायला मारुतीच दिसेना. सराफ बाजारात पाणी शिरलं, भांडी बाजारात चिखल साचला. दिवसभर उपसाउपशी करून माणसं घरी येतात, हातपाय धुतात, जेवतात आणि टीव्ही लावतात. जुलैपासून झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ सुरू आहे. त्या वेळेला लग्नाची बोलणी करायला कोणी येत नाही, डॉक्टरकडे जायचं असेल तर लोक आधी उरकून घेतात, आणि लाइट गेली तर महावितरणच्या कुळाचा उद्धार होतो.

पंचवटीतल्या एका वाड्यात तुम्ही जोत्यावर चपला काढून आत येता. कोणी कोण म्हणून विचारत नाही, कारण खोलीत आधीच शेजारपाजारची अर्धी गल्ली आहे. पडद्यावर पल्लवी जोशी सूत्रसंचालन करतेय. तिने मुलांना टोपणनावं दिलीत ती आता महाराष्ट्रभर चालतात: अलिबागची सगळ्यांत धाकटी मुग्धा वैशंपायन म्हणजे ‘मॉनिटर’, आरवलीचा प्रथमेश लघाटे म्हणजे ‘मोदक’, लातूरचा रोहित राऊत ‘रॉकस्टार’, पुण्याची आर्या आंबेकर ‘प्रिटी यंग गर्ल’. पाचवी आळंदीची कार्तिकी गायकवाड. खुर्च्यांवर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. सहा वर्षांपूर्वी ‘ऐका दाजीबा’ने लग्नाच्या मांडवांना नाचवलं ती संगीतकार-गायिकेची जोडी आज दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या अभंगांवर मत देतेय. तुम्हाला हे खटकतं? आजीला नाही खटकत. ती म्हणते, ‘ज्याला नाचवता येतं त्याला ताल कळतो.’

गुण आकड्यांत नाहीत, सुरांत आहेत. बरं गायलं तर ‘ध’, चांगलं गायलं तर ‘नी’, आणि अगदी अंगावर काटा आला तर ‘वरचा सा’. वरचा सा मिळाला की खोलीत टाळ्या पडतात, काकू पदराने डोळे टिपतात, आणि समोरच्या वाड्यातून तीच टाळी अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. गाणं अजिबात न कळणाऱ्या माणसालाही सप्तक म्हणजे काय हे या कार्यक्रमाने शिकवलं. विष्णु दिगंबरांच्या ‘संगीत बालप्रकाश’ने जे काम घराघरात करायचं योजलं होतं, त्यातला एक तुकडा एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींच्या मधल्या फटींत होऊन गेला. मला वाटतं, बुवांना याचा राग आला नसता. त्यांनी फार तर विचारलं असतं की उरलेले धडे कधी आहेत.

आता रविवार, ८ फेब्रुवारी २००९. महाअंतिम फेरी. दुपारपासूनच एम. जी. रोडवर रिचार्ज कूपनांना गर्दी आहे. पाचांत नाशिकचं कोणीच नाही, त्यामुळे घर मोकळेपणाने फुटलंय. आजी कार्तिकीची, कारण तिच्या गळ्यात वारीचा रस्ता आहे. कॉलेजात जाणारी ताई आर्याची, कारण तिच्या हरकती स्वच्छ. मोठा दादा रोहितचा. काकांचं मूळ गाव संगमेश्वराकडचं, म्हणून ते प्रथमेशचे, बाकी कारण नाही. धाकट्या चिंटूला मुग्धाच हवी. नोकियाचा एक हँडसेट हातोहात फिरतोय आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पैशाने आपल्या उमेदवाराला मत देतोय. तुमच्याही हातात येतो. द्या मत, संकोच कसला? तुम्हाला निकाल माहीत आहे म्हणून? मग तर आणखीच सोपं.

मत द्यायच्या आधी एवढंच पाहा. आर्याला शिकवलंय तिच्या आईने, श्रुती आंबेकरांनी. त्या स्वतः जयपूर घराण्याच्या गायिका. कार्तिकीला घडवलंय तिचे वडील कल्याणजी गायकवाडांनी. ही माणसं कॅमेऱ्यात येतात ती प्रेक्षकांत हात जोडून, डोळे भरून, दोन सेकंद. या मुलांच्या गळ्यातली ती सगळी वर्षं, तुमच्या खिशातला तो नऊचा आकडा, त्या दोन सेकंदांत उरकला जातो. मंचावर दिसतो तो ‘ध’ किंवा ‘नी’.

कार्तिकी जिंकते. आजी देवापुढे साखर ठेवते, ताई उठून आत जाते आणि दार आपटते. पुढचे कित्येक आठवडे गावात, ऑफिसात, एसटीत हाच वाद चालेल की निकाल बरोबर होता का. इतका वाद नाशिककरांनी नगरसेवकावरून घातलेला मला आठवत नाही. पाची मुलं ‘पंचरत्न’ म्हणून एकत्रच राहतील. बारा वर्षांनी हीच पाच जणं ‘लिटिल चॅम्प्स’च्या परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसतील. आणि डिसेंबर २०२३ मध्ये मॉनिटर आणि मोदक यांचं लग्न होईल, तेव्हा आजच्या या खोलीतली काकू म्हणेल, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ तिने तसं काही म्हटलेलं नाही, तुम्ही साक्षीला आहात.

उठा. एक थांबा अजून, नोव्हेंबर २०१७. ठोकळा जाऊन भिंतीवर चपटा टीव्ही आलाय आणि परीक्षकाच्या खुर्चीची आता गादी झालीय. कलर्स मराठीवर ‘सूर नवा ध्यास नवा’ सुरू होतंय. अवधूत गुप्ते, महेश काळे आणि शाल्मली खोलगडे हे तिघे इथे नुसते परीक्षक नाहीत, कॅप्टन आहेत. प्रत्येकाची आपली टीम, टीमच्या गाण्यावर त्याची इज्जत. हा साचा सातासमुद्रापार शिजलेला. २०१० मध्ये हॉलंडमध्ये ‘द व्हॉइस’ आला, त्यात नामवंत गायक स्पर्धकाकडे पाठ करून बसतात आणि आवाज आवडला की खुर्ची गर्रकन फिरवतात. नंतर देशोदेशी त्याच खुर्च्या गेल्या. २०१२ मध्ये आर्मेनियात, २०१५ मध्ये हिंदीत आपल्याकडे. आर्मेनियातही गाणं गावातून मैफलीत नेणारा एक बुवा होऊन गेला, कोमितास नावाचा धर्मगुरू. विष्णु दिगंबरांपेक्षा तीन वर्षांनी मोठा. खेडोपाडी हिंडून त्याने लोकगीतं टिपली, त्यांना स्वरलिपीत बसवलं, वृंदगानातून युरोपला ऐकवलं. १९१५ च्या नरसंहारानंतर त्याचं मन जे कोसळलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. येरेवानच्या स्टुडिओत ज्या खुर्च्या फिरल्या त्यांच्यासमोर त्याने गोळा केलेलं एखादं गाणं अधूनमधून पोचलंच असणार. गाणं बाहेर काढणारी माणसं एका सुमाराला जन्मतात, आणि शंभर वर्षांनी त्यांच्या मालाला एकच शोरूम मिळते.

पण कॅप्टनकडे लक्ष द्या, विशेषतः महेश काळ्यांकडे. हा पं. जितेंद्र अभिषेकींचा शिष्य. ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटातल्या गाण्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘कट्यार’ म्हणजे मूळ १९६७ सालचं दारव्हेकरांचं नाटक, ज्यात दरबारी गायनाची स्पर्धा दोन घरांची राखरांगोळी करते. स्पर्धेचं विष काय असतं ते गाऊन दाखवलेला माणूस स्पर्धेत टीम घेऊन बसलाय, याची मौज वाटते. तो टीमला जे सांगतो ते खरं शिकवणं आहे, यात शंका नाही: श्वास कुठे घे, हा शब्द असा टाक, इथे घाई नको. पण किती वेळ? एका भागात प्रत्येक गाण्याच्या वाट्याला मुखडा आणि एखादा अंतरा. चित्रीकरणाच्या दिवशी पोरं सकाळपासून मेकअप करून बसतात, वाद्यवृंदाबरोबर एकदा गातात, कॅमेऱ्यासमोर गातात, आणि कॅप्टनला पुढच्या विमानाची वेळ झालेली असते. गुरूचा मान पुरेपूर, गुरूचा वेळ नाममात्र. यात खलनायक कोणी नाही. मैफिली करून पोट भरणारा गायक नऊ वर्षं एका पोराला घरात ठेवून शिकवेल कशाला, आणि पोराचे आईबाप तरी ठेवतील का? विष्णु दिगंबरांनीही ते कर्ज काढूनच केलं होतं, आणि इमारत गमावली होती. नामवंत गुरू परवडायचा तर तो तुकड्यातुकड्यांतच परवडतो. उरलेला गुरू कोणीतरी दुसरीकडे, बिननावाने, वर्षानुवर्षं पुरवत असतो.

तो कुठे असतो ते पाहून मग घरी जा. आजचं नाशिक, इंदिरानगर, एका सोसायटीतला तळमजला. दारावर ‘गायन वर्ग’ अशी पाटी, बाहेर पंधरा-वीस चपलांचे जोड, आत सहा सतरंज्या आणि एक हार्मोनियम. विष्णु दिगंबर गेल्यावर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी जे गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं, त्याच्या परीक्षांना इथल्या ताई मुलं बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, आणि चिकाटी टिकली तर विशारद. जोडून बघा, खिशातला आकडा जवळपास तोच येतो. ताईंच्या हाताखालून गेलेली मुलं टीव्हीवर गेली की नाही, याची चौकशी करू नका. त्या ‘सा’ लावून घेत आहेत.

वर्ग सुटताना बारा वर्षांच्या एका मुलीची आई थांबते. ऑडिशनचा व्हिडिओ पाठवला होता, बोलावणं आलंय. मुलगी चप्पल घालता घालता कान देऊन ऐकतेय.

‘ताई, मुंबईला जावं लागेल. रविवारीच बोलावलंय. आणि त्याच रविवारी प्रवेशिका पूर्णची परीक्षा आहे ना?’

‘आहे.’

‘मग काय करू? यंदा कॅप्टन म्हणून कोण बसणार माहितीये का तुम्हाला? एवढ्या मोठ्या माणसाकडे शिकायला मिळेल हो तिला.’

ताई हार्मोनियमचा भाता बंद करतात, हुक लावतात. मुलीकडे बघतात. तिच्या तारसप्तकातल्या पंचमाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना गेले तीन महिने पडलेला आहे आणि तो रविवारपर्यंत सुटणारा नाही.

‘पाठवा,’ त्या म्हणतात. ‘जाऊन येऊ दे. मंगळवारी नेहमीच्या वेळेला ये गं. आणि हो, परीक्षेची फी परत मिळत नाही.’